रिकामा रकाना

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. प्रबंधासाठी तू जुलैत उंची, वजन आणि ६०० मीटर धावण्याची वेळ मोजलेल्या लेकरांपैकी अकरा जानेवारीच्या मोजणीत सापडली नाहीत, आईबापासोबत ऊसतोडीला गेली. तुझे मार्गदर्शक म्हणतात, त्यांना वगळ, नाहीतर वर्गाची सरासरी टाकून रकाने भर. काय करू, विचारतेस. रकाने रिकामे ठेव. आणि पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परतल्या की त्याच अकरा लेकरांना गाठून पुन्हा मोज. त्याच लेकराला पुन्हा मोजायचं, एवढंच आपलं काम.

वगळून काय होतं ते बघ. गावात मागं राहिलं कोण? ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांची लेकरं, आजीनं जेवू घातलेली, हंगामी वसतिगृहात जागा मिळालेली. त्यांचीच सरासरी काढलीस तर ६०० मीटरची वेळ सुधारलेली दिसणार, आणि तू लिहिणार की सहा महिन्यांत लेकरांचा दम वाढला. दम वाढलेला नसतो गं, दमलेली लेकरं यादीतून गेलेली असतात.

कुठल्या वयाला किती उंची, वजन, वेळ हवी हे सांगणाऱ्या छापील तक्त्यांवरही फार विसंबू नकोस. तक्त्याला नेमकं वय लागतं, आणि आपल्याकडं दर वर्गात पाच-सहा जण १ जूनला जन्मलेले असतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या. त्यात दाखल्यावरचं वयच वर्षभर इकडंतिकडं असेल तर तक्ता पोराला कमजोर ठरवतो, आणि पोरगं नुसतं उशिरा वाढणारं असतं. जुलै ते एप्रिल हे नऊ महिने मात्र कुणी खोटे लिहिलेले नसतात. म्हणून म्हणतो, त्याच लेकराला पुन्हा मोज.

मोजणं सारखं हवं, हे तुला सांगायला नको होतं, पण तुझ्या वहीत जागा आणि वेळ लिहिलेली दिसली नाही म्हणून सांगतो. काळ्या रानाचं मैदान जुलैत पायाला चिकटतं, उन्हाळ्यात त्याच मैदानाला भेगा पडतात. मग घड्याळात पळणाऱ्याचा दम उतरतो की माती? मुरमाची पक्की जागा धर. ६०० मीटरला तेवढी जागा नसेल तर २० मीटरची शटल धाव घे, म्हणजे दोन रेघांमध्ये बीपच्या तालावर ये-जा पळायचं. ताशी साडेआठ किलोमीटरनं सुरू होते, दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वेग वाढतो, फक्कीच्या दोन रेघा आणि बीपचा आवाज एवढंच लागतं. फक्त एकदा धरलेली चाचणी मधेच बदलू नकोस. उंची दोन्ही वेळा सकाळीच घे, संध्याकाळपर्यंत ती जवळपास सेंटिमीटरभर कमी भरते. चप्पल होती की अनवाणी, तेही लिही.

आता जे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही, ते.

माझ्याही वहीत एका वर्षी असेच रकाने रिकामे होते. तपासणी आली होती, वरून दट्ट्या होता, आणि मी एका संध्याकाळी बसून अंदाजानं भरले. वजन किलोभर वाढवलं, वेळ दोन-तीन सेकंदांनी कमी केली. त्यात सातवीतली एक पोरगी होती, जुलैत पोरांच्या बरोबरीनं पळालेली. माझ्या वहीप्रमाणं जानेवारीत ती आणखी जोरात पळाली. खरं तर तेव्हा ती साखर कारखान्याच्या पट्ट्यात मोळ्या उचलत होती. पुढच्या जुलैत पळताना मैदानाच्या तिसऱ्या चकरेला ती पोट धरून खाली बसली. आरोग्य केंद्रात नेलं तर अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी विचारलं, उतार कधीपासून लागला, आधीचं वजन आहे का? वही माझ्या हातात होती, आणि तिच्यातला मधला आकडा मीच घडवलेला. मी ती उघडली नाही. नववीला ती शाळेत आली नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे मागं पडणारी पोरगी आळशी म्हणून रागवायच्या आधी तिचा मागचा आकडा बघायचा असतो. तो खरा हवा. बास.

त्यानंतर मी एकही रकाना अंदाजानं भरला नाही. मुख्याध्यापकांशी वाजलं, गोपनीय अहवालात शेरे आले, "हे सर सहकार्य करत नाहीत" असंही लिहिलं गेलं. घरातलेही म्हणायचे, एका आकड्यासाठी एवढं काय. मला आजही वाटतं, मी बरोबर होतो. त्या आधीच्या संध्याकाळी तेवढा हट्ट का सुचला नाही, हेच फक्त डाचतं.

आणि हो, कुणी म्हणेल की या चाचण्यांतून खेळाडू शोधा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. अभिमान मलाही आहे; २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, रौप्य आणलं तेव्हा मी रडलो. पण तो शर्यतींकडं वळला तो सैन्यात गेल्यावर, विशीत. शाळेच्या यादीत पहिला-शेवटचा नंबर लावून असा माणूस सापडत नसतो. प्रार्थनेला नावं वाचून दाखवू नकोस, कुठल्याही शाळेनं मागितलं तरी.

मार्गदर्शकांना सांग, अकरा लेकरं गैरहजर का आणि कधीपासून, हे प्रबंधात स्वतंत्र लिहिणार. नाही म्हणाले तर मला फोन लावून दे. नाव माझं घे.

पाडव्यानंतर लगेच ये. वजनकाटा माळ्यावर आहे. आधी किराणा दुकानातलं शिक्क्याचं पाच किलोचं माप ठेवून तपासून घेऊ. तांड्यावर भल्या सकाळी जाऊ, सहाच्या आत. उशीर झाला की लेकरं पाण्याला निघून जातात.

तुझे सर