ग्रोथ हॉर्मोन नॉर्मल आलं म्हणजे अ‍ॅक्रोमेगली नाही, असं समजायचं का?

नाही, अजिबात समजू नका. अ‍ॅक्रोमेगली म्हणजे ग्रोथ हॉर्मोन वर्षानुवर्षं जास्त सुटून हात, पाय, जबडा वाढत जाण्याचा आजार. तुमच्या ४४ वर्षांच्या भावाचा 'ग्रोथ हॉर्मोन ०.८, नॉर्मल' हा रिपोर्ट फुल बॉडी पॅकेजमधल्या एका सुईचा आहे. त्यावरून ना होकार देता येतो, ना नकार. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हे हॉर्मोन दिवसभर थांबूनथांबून सोडते आणि सोडलेलं साधारण २० मिनिटांत रक्तात निम्मं होतं. निरोगी माणसातही ते झोपेत, व्यायामानंतर किंवा नुसत्या सुईच्या धास्तीने चढतं. ही तपासणी पॅकेजात घालणंच चुकीचं आहे. आजार नसलेला घाबरतो आणि असलेला निर्धास्त होऊन आणखी काही वर्षं घालवतो.

आधी आयजीएफ-१ करा, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनच्या हुकमाने मुख्यतः लिव्हर जे हॉर्मोन बनवतं त्याची तपासणी. काही फॉर्मवर हेच सोमॅटोमेडिन-सी म्हणून छापलेलं असतं. उपाशी राहायची गरज नाही, पातळी दिवसभर जवळपास सारखीच असते. मात्र मर्यादा वयाप्रमाणे बदलते, विशीत नॉर्मल असलेला आकडा साठीत जास्त ठरतो. भावाच्या आकड्याला त्याच्या वयाच्या वरच्या मर्यादेने भागा. उत्तर १.३ च्या वर आलं आणि बुटाचा नंबर वाढणं, अंगठी अडकणं, जबडा पुढे येणं, दातांत फटी पडणं अशा खुणाही असतील, तर २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मते निदान तेवढ्यावर होतं. पुढे पिट्युटरीचा एमआरआय. आकडा सीमेवर असेल तर पुन्हा करा, पण त्याच लॅबमध्ये. आयजीएफ-१ रक्तात प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि प्रत्येक किट ते आपापल्या पद्धतीने सोडवतं, म्हणून नौपाड्यातला एक आकडा आणि वाशीतला दुसरा शेजारी ठेवून काही कळत नाही. कलेक्शन सेंटर फक्त रक्त घेतं. मशीन कुठलं आणि मर्यादा वयाप्रमाणे छापतात का, हे मुख्य लॅबला विचारा.

तरीही संशय राहिला तर ग्लुकोज देऊन ग्रोथ हॉर्मोन दबतं का, ते बघायचं. निरोगी माणसात शुगर चढली की ते दबतं. रात्रभर उपाशी, सकाळी हाताला व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी), मग अर्धा तास शांत पडून राहणं. पहिलं सॅम्पल घेतलं की ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०-३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. घड्याळ पहिल्या घोटापासून. नंतर ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना रक्त. दर वेळी पहिले दोन मिली टाकून द्यायचे आणि दोन ट्यूब भरायच्या, पिवळ्या टोपणाची हॉर्मोनसाठी, करड्या टोपणाची शुगरसाठी. मधे चहा, सिगारेट, गॅलरीत फेऱ्या, काही नाही. पुडा १०० ग्रॅमचा असेल तर सगळा ओतू नका, वजन करा. ग्लुकोज मोनोहायड्रेट असेल तर ७५ ऐवजी ८२.५ ग्रॅम लागतं.

रिपोर्ट आला की आधी शुगरचा रकाना वाचा. असा एक रिपोर्ट पाहण्यात आहे: शुगर ८८, ९४, ९१, ९०, ८६ आणि ग्रोथ हॉर्मोन पाचही वेळा दीडच्या आसपास. 'दबलं नाही' असा शेरा मारून माणसाला एमआरआयला धाडलं. शुगर चढलीच नव्हती, कारण ग्लुकोज प्यायल्यावर दहा मिनिटांत त्याला उलटी झाली होती. रक्त घेणाऱ्याला ते ठाऊक होतं, रिपोर्टवर एक ओळही नव्हती. उलटी झाली की टेस्ट रद्द, दुसऱ्या दिवशी नव्याने.

ग्रोथ हॉर्मोनचा सर्वांत खालचा आकडा जुन्या निकषाने १ नॅनोग्रॅमच्या खाली जायला हवा. आताच्या संवेदनशील किटवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या खाली असेल तर ०.४ आणि २५ किंवा वर असेल तर ०.२. रिपोर्ट मिलीयुनिटमध्ये असेल तर तीनने भागा.

खर्च विचारलात. आयजीएफ-१ ला एक ट्यूब, ग्लुकोजच्या टेस्टला पाच, म्हणजे हॉर्मोनचं बिल पाचपट, आणि घोडं तिथेच पेंड खातं. पैसे वाचवायला उपाशीपोटी एक आणि दोन तासांनी एक, अशी दोनच सॅम्पलं घेतात आणि वर 'पुरे होतात' म्हणून ठणकावून सांगतात. पुरे होत नाहीत! तळ ६० किंवा ९० मिनिटांना लागतो, १२० ला हॉर्मोन पुन्हा चढलेलं असू शकतं. ६० ला ०.१ आणि १२० ला ०.९ असेल, तर दोन सॅम्पलवाल्याने निरोगी माणसाला आजारी ठरवलं. परवडत नसेल तर मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या एंडोक्रायनॉलॉजी (हॉर्मोनच्या आजारांच्या) ओपीडीत जा, पण दोन सॅम्पलांची टेस्ट करून घेऊ नका.

दोन गोष्टी राहिल्या. केसांसाठी बायोटीनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद, बऱ्याच मशीनवर आकडा खोटा कमी येतो. आणि मधुमेह आटोक्यात नसेल तर ग्लुकोजची टेस्ट करायचीच नाही. अशा वेळी, तसंच लिव्हरचा आजार किंवा कुपोषण असेल, तर आयजीएफ-१ ही फसवं कमी येतं, त्यामुळे तिथे 'नॉर्मल' वाचून फाइल बंद करू नका.