काटा बराबर शे ना?

प्रश्न : पाळक साहेब, प्रभूमध्ये सलाम. तीन हंगाम मी एका व्यापाऱ्याकडे कापसाच्या खेडा खरेदीत, म्हणजे गावोगाव जाऊन केलेल्या खरेदीत, काट्यावर होतो. काटा क्विंटलला दोन किलो कमी दाखवायचा. मला ते माहीत होतं. हंगाम संपला की मालक मजुरीवर दोन हजार रुपये जास्त द्यायचा. शेजारच्या गावातले एक आबा दर वेळी विचारायचे, “काटा बराबर शे ना, भाऊ?” मी “हो आबा” म्हणायचो. ते काम आता सोडलंय. देवाजवळ रडून क्षमा मागितली. तरी मंडळीत प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे होत नाही. देवाने क्षमा केली असेल, तर माणसांना सांगायलाच हवं का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बराच वेळ बसून राहिलो.

क्षमेबद्दल शंका धरू नका. आपण पापं पदरी घेतली तर देव क्षमा करतो, हे बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे. पैसे परत करून ती विकत घ्यायची नसते. पण तुम्ही देवाशी खरं बोललात, आबांशी अजून नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवणाऱ्याला सांगितलंय की मुद्दल परत कर, त्यावर पाचवा हिस्सा घाल आणि मग दोषार्पण आण. प्रभू येशूही वेदीपाशी आणलेलं अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. तुमचा हात अडतोय, याचं मला वाईट वाटत नाही. तो अडायलाच हवा.

आता हिशेब करू. आबांनी दहा क्विंटल घातला असेल, तर वीस किलो गेला. सात हजारांचा भाव धरला तर चौदाशे रुपये होतात. पाचवा हिस्सा दोनशे ऐंशी, म्हणजे सोळाशे ऐंशी. त्या घरात एवढ्यात निंदणीची मजुरी निघते.

तुम्ही म्हणाल, पैसे मालकाने खाल्ले. खरंय, सगळ्या गावाचं तुमच्याने फिटणार नाही. पण ते सहा हजार तुमच्या हातात आले होते, तिथून सुरुवात करा. आणि “हो आबा” हे शब्द तर मालकाचे नव्हते. काम सोडलंत ते बरं केलंत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना काम सोडा असं सांगितलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका एवढंच सांगितलं. पण ज्या काट्यावर खरं तोलताच येत नाही, तिथे थांबण्यात अर्थ नव्हता.

हे मी बाहेर उभा राहून सांगत नाही. १९९४ साली आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला ज्वारी, केळी, कोंबड्यांचा लिलाव झाला आणि पैसे माझ्याकडे राहिले. त्याच आठवड्यात मुलगा आजारी पडला. त्यातले सहाशे रुपये मी औषधाला वापरले आणि पगार झाल्यावर भरून टाकले. कुणाला कळलं नाही. पण प्रभूच्या प्रार्थनेत “आमची ऋणे” या शब्दांवर माझा आवाज बसायचा. शेवटी पंचकमिटीत सांगितलं. पेटीची किल्ली वर्षभर माझ्याकडून काढून घेतली. घरी येऊन बायकोला सांगताना हात थरथरत होते, पण त्या रात्री झोप लागली.

आबा चिडतील, कदाचित गावभर सांगतील. तेही ऐकून घ्या. “मालकाने सांगितलं होतं” हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. पुढच्या हंगामात काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का बघून घ्या आणि घरी तोललेलं एक गाठोडं आधी चढवून बघा, हेही त्यांना सांगा.

एकट्याने जायचं धाडस होत नसेल तर कळवा. गुरुवारी मी मोकळा असतो. अमळनेरहून सकाळच्या एस.टी.ने तापी ओलांडून येतो, दोघं मिळून आबांच्या ओट्यावर बसू.