11 गाळे, एक कॉम्प्रेसर आणि करारातली एक सैल ओळ

सेक्रेटरी साहेब, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोसरीतलं संकुल, 11 गाळे, प्रत्येकाचं वेगळं एलटी (कमी दाबाचं) कनेक्शन. असोसिएशनच्या कॉमन मीटरवर 75 किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर, 250 केव्हीएचा डीजी (डिझेल जनित्र), बोअरचा पंप आणि पॅसेजचे दिवे. अ‍ॅग्रिगेटरने (अनेक ग्राहकांची वीजघट एकत्र करून विकणारी मधली कंपनी) पाठवलेल्या डिमांड रिस्पॉन्सच्या (सांगितलेल्या वेळी वीजवापर घटवून मोबदला घ्यायच्या) करारात "सामाईक साधने म्हणजे परिसरातील एकाहून अधिक ग्राहक वापरत असलेली सर्व उपकरणे" एवढीच व्याख्या आहे, आणि सही करावी का असं तुम्ही विचारताय. या ओळीवर करू नका. योजना ठीक आहे, पण ही ओळ तुम्हाला गोत्यात आणेल.

कॉम्प्रेसरचंच उदाहरण घ्या. संध्याकाळी दोन तासांचा इव्हेंट, म्हणजे भार घटवायचा निरोप, आला, तुम्ही कॉम्प्रेसर बंद केला. कॉमन मीटरवर 75 किलोवॉट कमी झाले. पण हवा गेली की सीएनसी मशीनचे न्यूमॅटिक चक (हवेच्या दाबाने जॉब पकडणारे जबडे) चालत नाहीत, म्हणून मशीनही थांबली, आणि गाळ्यांच्या मीटरवरही घट दिसली. तुमच्याकडच्या तीन गाळेधारकांनी स्वतःचे वेगळे करार केलेत असं तुम्ही लिहिलंय. ती घट ते आपली म्हणणार. तुमच्या करारात मात्र "परिसर" हा शब्द आहे, म्हणजे असोसिएशनही ती आपल्या बेरजेत धरणार. एकच किलोवॉट दोन ठिकाणी विकला गेला. दुसरीकडे, काम अडलेल्या दोघांनी आपापले 10 एचपीचे जुने कॉम्प्रेसर चालू केले, की 15 किलोवॉट परत लाइनवर. कॉमन मीटर म्हणतो 75 वाचले, फीडरच्या (भागाला वीज पुरवणाऱ्या लाइनच्या) हाती आले 60. ही तफावत पडताळणीत निघाली की पैसे कोणाचे कापायचे, याचं उत्तर तुमच्या ओळीत कुठेच नाही.

म्हणून व्याख्या मीटरपासून सुरू करा. मी असं लिहीन: "सामाईक साधन म्हणजे परिशिष्टात नाव, क्षमता व मीटर क्रमांकासह नोंदवलेले, असोसिएशनच्या मीटरवरून वीज घेणारे उपकरण. त्याच्या वापरातील घट फक्त त्याच मीटरवर मोजली जाईल. गाळेधारकाच्या मीटरवरील घट या करारात धरली जाणार नाही." रुक्ष आहे, पण वादाच्या दिवशी हाच रुक्षपणा कामाला येतो. त्यासोबत दोन गोष्टी हव्यात. बंद करण्याचा अधिकार कोणाचा, आणि हवा बंद होण्याआधी गाळ्यांना किती वेळ आधी कळवायचं. कोणाचं कास्टिंग अर्ध्या कटवर आहे हे अ‍ॅग्रिगेटरच्या स्क्रीनवर दिसत नाही. बाहेरून रिमोटने बंद करायची मुभा कॉम्प्रेसरसाठी मी तरी देणार नाही. पंपासाठी खुशाल द्या, टाकी भरलेली असली तर कोणाला पत्ताही लागत नाही.

डीजीवर थोडं जास्त लिहितो, कारण खरा घोळ तिथे आहे. पुण्यातल्या जुन्या लोकांना 2006 आठवत असेल. भारनियमनाने जीव नकोसा झाला होता, तेव्हा सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने इथल्या कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःची जनित्रं चालवायची, तितकी ग्रिडची वीज शहराला सोडायची, आणि महागड्या विजेचा फरक पुण्याच्या ग्राहकांकडून विश्वासार्हता आकारातून भरून काढायचा, असं ठरलं. तूट होती सुमारे 90 मेगावॉट. मी तेव्हा चिंचवडला मेंटेनन्समध्ये होतो. आमचं काम सोपं होतं, कारण जनित्र ज्याचं, मीटर त्याचंच आणि पैसेही त्याचेच. तुमच्या डीजीमागे 11 जण आहेत.

शिवाय डीजी चालवून ग्रिडचा भार कमी करणं आणि मशीन थांबवून कमी करणं या दोन गोष्टी करारात वेगळ्या असायला हव्यात. अमेरिकेत मेन राज्यात रमफर्ड नावाच्या कागद गिरणीचं प्रकरण गाजलं होतं. गिरणीचं स्वतःचं जनित्र होतं. बेसलाइन, म्हणजे घट ज्याच्याशी ताडून मोजतात तो नेहमीचा वापर, ठरवायच्या दिवसांत तिने ते मंद ठेवलं आणि ग्रिडची वीज जास्त ओढली. नंतर जनित्र नेहमीसारखं चालवलं आणि "आम्ही मागणी घटवली" म्हणून पैसे घेतले. तिथल्या नियामकाने 1 कोटी डॉलरचा दंड ठोठावला. तुमच्या मनात पाप नसेलही, पण बेसलाइनच्या आठवड्यात डीजी नादुरुस्त असला तर आकडे अगदी तसेच दिसतील. म्हणून डीजीचं वेगळं सबमीटर लावा आणि बेसलाइनच्या दिवसांतलं त्याचं उत्पादन नोंदवून ठेवा.

आणि हिशोब करा. एका लिटर डिझेलमध्ये तीन-साडेतीन युनिट निघतात. डिझेल 90 रुपयांच्या आसपास धरलं तर नुसतं इंधनच 26 ते 30 रुपये युनिट पडतं. इव्हेंटचा दर त्याखाली असेल तर डीजी यादीतून काढून टाका, चर्चाच नको.

बेसलाइनमध्ये आपल्याकडचा गुरुवार विसरू नका. मागच्या दहा दिवसांची सरासरी असं छापील वाक्य असतं. त्यात गुरुवारची सुट्टी शिरली की बेसलाइन खाली येते आणि तुम्ही खरोखर वाचवलेलं कागदावर उतरत नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, त्या दिवसाचंही तेच. हे दिवस नावानिशी वगळायला सांगा.

तुम्ही लिहिलंय की त्यांचा माणूस म्हणाला, "रिसीव्हर टँक म्हणजे हवेची बॅटरीच आहे, काम थांबणार नाही." 75 किलोवॉटचा कॉम्प्रेसर 7 बारला साधारण 450 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो. तुमचा टँक 2 घनमीटरचा. दाब दीड बारने खाली येऊ दिला तर त्यातून सुमारे 3 घनमीटर, म्हणजे शंभरएक घनफूट हवा मिळते. पूर्ण वापरावर ती 20 सेकंदही पुरत नाही. इव्हेंट दोन तासांचा आहे. त्या माणसाला हा गुणाकार करून दाखवा आणि चहा पाजा.

दंडाचं थोडक्यात. "संयुक्त व वैयक्तिक जबाबदारी" हे शब्द दिसले तर खोडा. एका गाळ्याने नकार दिल्याचा भुर्दंड बाकी दहांनी का भरायचा? दंडाची कमाल मर्यादा त्या महिन्याच्या कमाईइतकीच ठेवा. इव्हेंट संपल्यावर सगळं एकदम चालू करू नका. कॉमन मीटरची मागणी कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या (महावितरणकडून मंजूर करून घेतलेल्या मागणीच्या) वर गेली तर जादा मागणीवर दीडपट आकार लागतो, आणि दोन तासांची कमाई त्यात वाहून जाते. आधी कॉम्प्रेसर, मग दहा मिनिटांनी पंप, असा क्रम पॅनेलवर चिकटवून ठेवा.

आता एक काम करा. कॉमन मीटरचा गेल्या तीन महिन्यांचा लोड सर्व्हे (मीटरमधली वेळेनुसार भाराची नोंद) महावितरणच्या कार्यालयातून मागवा आणि इथे टाका. सोबत कोणकोणत्या गाळ्यात स्वतःचा कॉम्प्रेसर आहे तेही लिहा. माझ्या अंदाजाने कॉम्प्रेसर दिवसभर 75 वर चालत नसणार. अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) तो बराच वेळ पंचवीसेक किलोवॉट खात बसला असेल, आणि तसं असेल तर करारात लिहिलेला 75 चा आकडा पहिल्याच इव्हेंटला उघडा पडेल.