फवारणी थांबली, अंश थांबले नाहीत

जुन्या तणनाशकांबद्दल येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला आहे: 'आम्ही तर केव्हाच बंद केलं, मग पाण्यात आलं कुठून?' पुन्हा पुन्हा येणारे काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पाणी उकळून प्यायलं तर तणनाशक निघून जातं का?

नाही. पाणी आटतं, ॲट्राझिनसारखं रसायन भांड्यातच राहतं.

प्रश्न : ग्लायफोसेट मातीला लागताच संपतं, असं दुकानदार सांगतो. खरं आहे का?

अर्धंच. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे नव्या रोपांना सहसा बाधत नाही. पण चिकटलं म्हणजे संपलं नव्हे. जिवाणू ते हळूहळू तोडतात आणि त्यातून तयार होणारा 'ॲम्पा' हा पदार्थ मूळ रसायनापेक्षा जास्त टिकतो. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक चिकणमातीत वर्षानुवर्षं अडकून राहतं, तरी खाली फारसं झिरपत नाही. टिकणं वेगळं आणि झिरपणं वेगळं.

प्रश्न : ॲट्राझिनचं अर्धायुष्य (निम्मं रसायन तुटायला लागणारा काळ) साठ दिवस असल्याचं वाचलं. आम्ही ते बारा वर्षांपूर्वी सोडलं. तरी एका प्रयोगशाळेला बोअरच्या पाण्यात लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम सापडलं, दुसरी म्हणते 'आढळले नाही'. कोणाचं खरं?

दोन्ही अहवाल खरे असू शकतात. आणि त्या साठ दिवसांनी जेवढा घोळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याच आकड्याने घातला नसेल.

तो आकडा वरच्या थरातल्या, उबदार, ओलसर, जिवाणूंनी भरलेल्या मातीचा. त्या हिशोबाने वर्षाअखेर दीड टक्का उरायला हवं. पण जे मुळांच्या खाली उतरलं त्याला हा हिशोब लागू नाही. तिथे सेंद्रिय कर्ब नावाला, जिवाणू मोजके, ऊन नाहीच. शिवाय भूजल काही ठिकाणी इतकं सावकाश सरकतं, की आज उपसलेलं पाणी कित्येक वर्षांपूर्वी मुरलेलं असतं. जर्मनीने ॲट्राझिनवर १९९१ मध्ये बंदी घातली. त्यानंतर दशकं उलटली तरी तिथल्या भूजलात ते आणि त्याचा तुटका भाग डीइथाइल-ॲट्राझिन सापडत राहिले.

आता अहवालाकडे. 'आढळले नाही' या शब्दांपुढे दोन गोष्टी पाहा: काय शोधलं, आणि किती कमी मात्रा त्यांना मोजता येते. मोजण्याची मर्यादाच लिटरला एक मायक्रोग्रॅम असेल, तर तुमचं ०.२ त्यांना दिसणारच नाही. युरोपात पिण्याच्या पाण्यासाठी एका कीडनाशकाची (यात तणनाशकंही आली) मर्यादा ०.१ आहे. अमेरिकेत एकट्या ॲट्राझिनची ३ आहे. म्हणजे तुमचं पाणी एकीकडे नापास, दुसरीकडे पास.

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. मूळ रसायन तपासतात आणि तुटून झालेले पदार्थ सोडून देतात. डेन्मार्कमध्ये डायक्लोबेनिल हे तणनाशक अंगणं, रस्त्यांच्या कडा अशा जागी मारलं जाई. १९९७ मध्ये ते बंद झालं, पण त्यापासून तयार झालेला 'बॅम' हा पदार्थ भूजलात उतरला आणि पिण्याच्या पाण्याच्या कित्येक विहिरी बंद कराव्या लागल्या. नुसतं डायक्लोबेनिल शोधत बसले असते तर सगळं आलबेल वाटलं असतं. तेव्हा प्रयोगशाळेला रसायनांची यादी लेखी द्या, तुटक्या पदार्थांसकट. पंप बराच वेळ चालवून मगच नमुना घ्या, त्यांनी दिलेल्या गडद काचेच्या बाटलीत भरा आणि थंड ठेवून लगेच पोचवा. दोन्ही अहवाल भूजलतज्ज्ञाला दाखवा, घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांनाही. पुढच्या हंगामापर्यंत थांबू नका.

प्रश्न : फिल्टर विकणाऱ्याने टीडीएस मीटर बुडवून पाणी 'विषारी' असल्याचं दाखवलं. घ्यावा का?

ते मीटर क्षार मोजतं. मायक्रोग्रॅममधलं तणनाशक त्याला दिसत नाही, असलं तरी आणि नसलं तरी. विजेच्या कांड्या बुडवून पाणी तांबूस करून दाखवतात तोही खेळच, तो गंज कांडीच्या लोखंडाचा. सक्रिय कोळसा ॲट्राझिन धरतो हे खरं, पण कोळसा भरला की धरणं थांबतं. आधी तपासणी, मग जाणकाराला विचारून यंत्र.

प्रश्न : विकतचं शेणखत घातल्यावर टोमॅटोची कोवळी पानं वळून नेच्यासारखी झाली. रोग असेल का?

असू शकतो. विषाणूनेही असं होतं, शेजारून उडालेल्या टू-फोर-डी या तणनाशकानेही होतं. पण खतावरही संशय घ्या. अमिनोपायरॅलिड हे तणनाशक मारलेलं गवत जनावराने खाल्लं तर ते शेणातून जवळजवळ तसंच बाहेर पडतं आणि खतात टिकतं. तीन कुंड्यांत संशयित खत मिसळलेली माती, तीन कुंड्यांत स्वच्छ माती घेऊन घेवड्याचं बी लावा. तीनेक आठवड्यांत खताच्या कुंड्यांमधली नवी पानं वाटीसारखी वळली, शिरा एकमेकींजवळ आल्या, तर ते खत दुसऱ्या कोणाला देऊ नका. कृषितज्ज्ञाला रोप दाखवा.

प्रश्न : 'पंधरा दिवसांत अंश साफ' असं लिहिलेली जिवाणूंची बाटली मिळते. उपयोग होतो का?

ॲट्राझिन खाणारे जिवाणू आहेत, स्यूडोमोनास एडीपी हा त्यातला नावाजलेला. बाटलीवर जिवाणूचं नाव आणि कोणत्या रसायनासाठी हे छापलेलं नसेल तर पैसे खिशात ठेवा.

प्रश्न : फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुतला तर चालतो का? पाणी थोडंसंच असतं.

नाही. ते थोडंसं पाणी मातीच्या थरातून गाळून नव्हे, थेट काठावरून आत जातं. पंप शेतातच विसळा आणि ते पाणी फवारलेल्याच पट्ट्यावर पांगवा. टाकी नळीने भरत असाल तर नळीचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर मोटर बंद पडताच टाकीतलं औषध उलट विहिरीत ओढलं जातं.