रियाजाच्या खोलीसाठी मुदतठेव मोडावी का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सांगलीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःची सदनिका, त्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत गाण्याचा क्लास, तीस विद्यार्थी, प्रत्येकी महिना एक हजार फी. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची तबल्याबद्दल तक्रार आहे, आणि मुलांना एकमेकांचे सूर नीट ऐकू येत नाहीत ही तुमची स्वतःची तक्रार आहे. त्यासाठी एका ठेकेदाराने ‘साउंडप्रूफ स्टुडिओ’ करून देण्याचे ६ लाख ८० हजार सांगितले आहेत. तुमच्याकडे एकूण साडेआठ लाखांच्या ठेवी: पाच लाख बँकेत, साडेतीन लाख पतसंस्थेत. दुसरा पर्याय नदीकडच्या भागात तळमजल्यावरचा गाळा, भाडं नऊ हजार. आणि मुलगी अकरावीत.

माझं मत आधीच सांगतो. हा स्टुडिओ करू नका, गाळाही घेऊ नका. सव्वा लाखाच्या आत खोली सुधारा.

तुम्ही जोडलेल्या अंदाजपत्रकात खाली बारीक अक्षरात ‘अधिक जीएसटी’ लिहिलं आहे. १८ टक्के धरले की आकडा ८ लाख २ हजारांवर जातो. म्हणजे साडेआठ लाखांतले जेमतेम अठ्ठेचाळीस हजार उरतात, आणि तुमचा घरखर्च महिना पंचेचाळीस हजार आहे. एक महिन्याची शिल्लक ठेवून मुलीची बारावी गाठायची, हे मला पटत नाही.

आता ही रक्कम परत कशी येणार ते बघू. सात टक्के व्याज धरून सात वर्षांत वसूल करायची तर वर्षाला सुमारे दीड लाख जादा मिळायला हवेत. मे महिना आणि शाळेच्या परीक्षांचा काळ वगळला तर एका विद्यार्थ्याकडून वर्षाला दहा हजार मिळतात. म्हणजे पंधरा नवे विद्यार्थी हवेत, आणि तुम्हीच लिहिलं आहे की वेळेच्या हिशेबाने आठच बसतील. ‘खर्च दाखवून टॅक्स वाचेल’ हा ठेकेदाराचा मुद्दा तर तुम्हाला लागूच होत नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. तुमची फी आणि ठेवींचं व्याज मिळून तेवढंही होत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कुठून?

पण फक्त पैशाचा प्रश्न असता तर मी इतकं ठामपणे लिहिलं नसतं. मी स्वतः कोल्हापूरला गुरुजींच्या माडीवर सहा वर्षं तबला शिकलो. लाकडी तक्तपोशी होती, खाली दुकान. डग्ग्याचा घुमारा खालच्या दुकानदाराला आमच्याआधी ऐकू जायचा. म्हणून तुमच्या अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा, चारही भिंतींना आणि छताला फोम, वाचून जीव कळवळला. फोम आवाज अडवत नाही, तो खोलीतला आवाज शोषतो, आणि तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. तंबोऱ्याची जवारी जी झणकारते, ते वरचे स्वर हा फोम गिळून टाकेल. डग्ग्याचा खर्ज मात्र फरशीतून, तुळईतून थेट आजोबांच्या खोलीत जातच राहील. जे जपायचं ते मरेल आणि जे थांबवायचं ते सुटेल, त्यासाठी आठ लाख. शिवाय अशा मुक्या खोलीत मुलांना स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही, मग ती घसा ताणून गातात.

पलीकडे जाणारा आवाज दोनच गोष्टी अडवतात: वजन आणि बंद फटी. तुमचं दार पोकळ फ्लशचं आहे, खाली बोटभर फट आहे. भरीव लाकडाचं दार, चौकटीला रबरी पट्टी आणि खालची फट बंद करणारी पट्टी, याला अंदाजे तीस हजार. सरकत्या खिडकीच्या आतून चार-पाच इंच अंतर सोडून जाड काचेची दुसरी झडप, पस्तीस हजार. तबल्याच्या जागी जाड रबरी शीट, वर प्लायची चौकी, तिच्यावर जाजम, दहा-बारा हजार. खर्ज फरशीत उतरतो तो इथेच थोपवायचा. पूर्ण बंद होणार नाही, हे आजोबांनाही आधीच सांगा.

खोलीतल्या घुमण्यावर उपाय स्वस्त आहे. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये ती फडफडल्यासारखी ऐकू येईल. एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, समोरच्या भिंतीवर कापडात गुंडाळलेले रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) तीन-चार तक्ते आणि खाली सतरंजी, एवढं पुरतं. छत तसंच राहू द्या, आवाजाला थोडी झळाळी हवी. यासाठी पंचवीस हजार धरा. अंड्यांचे ट्रे लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

एक गोष्ट अंदाजपत्रकात अजिबात नाही, ती म्हणजे हवा. खिडक्या बंद केल्या की आठ मुलं आणि तुम्ही एका तासात खोली कोंदट करता. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही, आणि गाणाऱ्याचं सगळं भांडवल श्वास आहे. वाकड्या नळीतून हवा ओढणारा छोटा पंखा बसवा, आणि दोन तुकड्यांमध्ये दहा मिनिटं खिडकी उघडा. एसीच्या झोतासमोर तंबोरे ठेवू नका. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचाही भोपळा आणि लाकूड हवेतल्या बदलाला तितकंच हळवं असतं. वाद्यांसाठी एक बंद कपाट करून घ्या.

गाळ्याचं थोडक्यात. भाडंच वर्षाला १ लाख ८ हजार, म्हणजे अकरा विद्यार्थ्यांची फी. आणि सांगलीत राहून २०१९ आणि २०२१ चं पाणी तुम्हाला मी सांगायला नको. नदीकडच्या तळमजल्यावर पेट्या आणि तंबोरे ठेवून दर ऑगस्टला तुम्हाला झोप लागणार नाही. तबल्याची साथ लागते ते आठवड्यातले दोन तास एखाद्या शाळेचा किंवा वाचनालयाचा हॉल तासावर मिळतो का, ते बघा. आजोबांची निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

पैसे कुठून काढायचे? पतसंस्थेतून, आणि मुदत संपेल तेव्हा. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं, बँकेत ते एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत असतं. तुमच्या बँकेत ती मर्यादा आधीच भरली आहे. म्हणून साडेतीन लाखांतले सव्वा लाख खोलीला द्या आणि उरलेले सव्वादोन दुसऱ्या बँकेत ठेवा. एकूण सव्वासात लाखांतले पावणेतीन लाख सहा महिन्यांच्या घरखर्चाचे, त्यांना हात लावायचा नाही. राहिलेले साडेचार लाख मुलीचे.

सगळं एकदम करू नका. आधी दार आणि चौकी करा, पंधरा दिवस क्लास घ्या, मग खाली आजोबांच्या खोलीत बसून वरचा तबला स्वतः ऐका. खिडकीचा खर्च त्यानंतर ठरवा, कदाचित लागणारही नाही. ठेकेदाराने २५ तारखेपर्यंत पन्नास हजार आगाऊ मागितले आहेत, ते देऊ नका. पतसंस्थेच्या पावतीवरची मुदत संपण्याची तारीख मला कळवा, मग कामाचा क्रम तिच्याशी जुळवून देतो.