नर्सिंगचे पैसे घरातच आहेत, पॉलिसीत अडकलेत

एडिसनजवळून एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. वय ३९, पुण्यातून बी.कॉम., २०११ मध्ये एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, न्यू जर्सीत आल्या, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी हातात पडलं. मिस्टर ४३ चे, आयटीत, पगार वर्षाला १ लाख ४८ हजार डॉलर (इथून पुढचे सगळे आकडे डॉलरमध्येच). मुलगी ११ ची, मुलगा ६ चा. घराचं लोन ३ लाख ९० हजार बाकी, व्याज ३.१ टक्के. बँकेत २२ हजार. ताईंना आता आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हायचंय. काउंटी म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजचा कोर्स स्वस्त आहे पण आधी प्रीरिक्विझिट्स म्हणजे प्रवेशाआधी करायचे विषय, मग सीटसाठी मारामारी, त्यात वेळ जाणार. उलट एक खाजगी कॉलेज म्हणतंय की २० महिन्यांत करून देतो, फी ८८ हजार, लोनची सोय आमच्याकडेच. तर खाजगीला जाऊ का, आणि गेले तर पैसे घरावर काढू की पॉलिसीवर, कारण मंडळातले जे दादा यांचं "फायनान्स बघतात" ते म्हणाले स्वतःच्याच पैशातून लोन घ्या, बँकेला व्याज कशाला द्यायचं. शिवाय आधी सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचा कोर्स, करू का असंही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: "पॉलिसीला महिन्याला १२०० जातात म्हणून ह्यांचं ४०१-के सध्या २ टक्क्यांवर आणलंय, कंपनी ५ टक्क्यांपर्यंत मॅच करते." (४०१-के म्हणजे पगारातून कापून निवृत्तीसाठी साठवायचं खातं, मॅच म्हणजे तेवढेच पैसे कंपनीही घालते.)

ताई, पॉलिसीचे कागद स्कॅन करून पाठवलेत ते फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देऊन टाकतो: काउंटी कॉलेजला जा, घरावर काही काढू नका, आणि पॉलिसीवर लोन घ्यायचा विषयच नाही कारण तिथे तेवढे पैसेच नाहीत. नर्सिंगकडे परत येतो, पण आधी त्या १२०० बद्दल बोलू, कारण तुमच्या घरातली खरी गळती तिथे आहे आणि तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही.

कागदांवरून जे दिसतं ते असं. मिस्टरांच्या नावावर आययूएल म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, आयुर्विमा आणि शेअर इंडेक्सशी जोडलेली बचत एकत्र, महिना ९००, विमा ५ लाखांचा. मुलीच्या नावावर तीच जात, महिना ३००, "कॉलेजसाठी". तीन वर्षं झाली, एकूण ४३ हजार २०० भरले. शेवटच्या स्टेटमेंटवर मिस्टरांच्या पॉलिसीची अकाउंट व्हॅल्यू २१ हजार, सरेंडर चार्ज म्हणजे मोडण्याचा दंड १३ हजार, म्हणजे आज मोडली तर ८ हजार हातात. मुलीची मोडली तर साडेतीन. ४३ भरून साडेअकरा. लोन मिळतं ते सरेंडर व्हॅल्यूवर, तीही पूर्ण नाही, तर ८८ हजाराच्या फीसाठी दादा तुम्हाला या पॉलिसीवर लोन घ्यायला सांगतायत म्हणजे एकतर त्यांनी स्वतः विकलेला कागद वाचलेला नाही किंवा वाचलाय आणि तरी सांगतायत, मला दोन्ही सारखंच वाटतं.

आता इलस्ट्रेशनचं, म्हणजे पुढच्या वर्षांचे अंदाज दाखवणाऱ्या कागदाचं, पान १४ उघडा. शेजारी शेजारी दोन कॉलम आहेत. उजवीकडे ते सुंदर आकडे, ६५ नंतर वर्षाला ४५ हजार टॅक्स-फ्री, ज्याच्याभोवती दादांनी पेनाने गोल केलाय. डावीकडे "गॅरंटीड" लिहिलंय, तो कॉलम खाली वाचत जा. मिस्टरांचं वय ६७, आकडा शून्य. त्याच्या पुढे सगळी शून्यंच. म्हणजे सगळं वाईट घडलं तर अजून बावीस-चोवीस वर्षं पैसे भरूनही ६७ ला ना पैसे ना विमा. तेवढं वाईट होणार नाही, मान्य, पण कंपनी लेखी देते ती खात्री एवढीच आहे, गोल केलेला आकडा म्हणजे नुसती आशा.

"मार्केट पडलं तरी झिरो, लॉस नाही" हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, तेही बघू. मार्केट वर गेलं तर तुम्हाला कॅपपर्यंत, म्हणजे ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंतच मिळतं, तुमच्या कागदावर साडेनऊ टक्के, आणि तो कॅप कंपनी पुढे कमी करू शकते. एस अँड पी ५०० च्या कंपन्या जो डिव्हिडंड देतात तो इथे तुमच्या खात्यात येत नाही. आणि ज्या वर्षी झिरो मिळतो त्या वर्षीही विम्याचा खर्च, पॉलिसी फी, प्रीमियममधून होणारी कपात हे सगळं कापलं जातंच, म्हणजे लॉस होतोच, फक्त त्याला लॉस म्हणत नाहीत. तुमच्याच गेल्या वर्षीच्या स्टेटमेंटवर १० हजार ८०० भरले त्यातले ४ हजारांच्या वर चार्जेसमध्ये गेलेत. विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो ते वेगळंच.

मुलीच्या पॉलिसीबद्दल मी कमी बोलतो कारण राग येतो. अकरा वर्षांच्या पोरीच्या पगारावर घर चालत नाही, तिच्या जिवाचा विमा कोणासाठी? आणि तुमच्या जिवाचा विमा किती, तर काहीच नाही. दोन मुलं सांभाळणारी, उद्या कमावणार असलेली बाई, तिच्या नावावर शून्य. मिस्टरांवर ५ लाख, त्यातले पावणेचार-चार घराच्या लोनला गेले की उरला लाख-सव्वा लाख, वर्षभर पण पुरणार नाही. म्हणजे एवढा पैसा ओतून विमासुद्धा धड नाही.

आणि ४०१-के. पगाराच्या ३ टक्के मॅच तुम्ही सोडताय, म्हणजे वर्षाला साधारण ४४०० डॉलर कंपनी द्यायला तयार आहे आणि तुम्ही नको म्हणताय. तीन वर्षांत १३ हजार, वाढ धरलीच नाही. एखादं गुंतवणुकीचं प्रॉडक्ट कितीही चांगलं असू दे, फुकटचे शंभर टक्के सोडून ते घ्यावं इतकं चांगलं काही नसतं. आपल्या लोकांची एक सवय आहे, इन्शुरन्स म्हटलं की "पैसे परत किती मिळणार" हा पहिला प्रश्न, एलआयसीच्या एंडोमेंटवर वाढलेली पिढी आहे आपली, आणि इथले एजंट ही सवय बरोब्बर ओळखून आहेत. गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाबरोबर व्हिजिटिंग कार्ड मिळतं हे मी दरवर्षी बघतो.

मग काय करायचं. सगळ्यात आधी टर्म, म्हणजे ठरावीक वर्षांचा नुसता विमा, घ्या, पॉलिसी मोडायच्या आधी, हा क्रम चुकवू नका, कारण मेडिकलमध्ये काही निघालं तर मोडलेली पॉलिसी परत मिळत नाही. मिस्टरांना १० लाखांची २० वर्षांची टर्म, निरोगी आणि सिगरेट नाही असं धरून महिना दीडशेच्या आत-बाहेर. तुम्हाला ५ लाखांची, तीस-पस्तीस. दोन्ही मिळून १८०-१९०. त्या चालू झाल्या, लेखी हातात आल्या, की दोन्ही आययूएल सरेंडर. भरले त्यापेक्षा कमी मिळतंय त्यामुळे टॅक्स नाही, आणि हा लॉस टॅक्समध्ये दाखवताही येत नाही. दादा म्हणतील सरेंडर चार्ज दरवर्षी कमी होतो, थांबा. थांबायला वर्षाला १४ हजार ४०० लागतात, ते सांगणार नाहीत. बत्तीस हजार गेले ताई, ते गेलेच, त्यांच्यासाठी अजून दहा वर्षं भरत बसायचं का एवढंच ठरवायचंय.

आता मोकळे झालेले १२०० वाटू. मिस्टरांचं ४०१-के २ वरून ५ टक्के, टॅक्स वाचतो ते धरून हातातल्या पगारात २८० ची घट. टर्म १९०. उरले ७३०. त्यातले साडेचारशे तुमच्या शिक्षणाला, बाकीचे मुलांच्या ५२९ ला, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्याला.

साडेचारशेत नर्सिंग होतं का, तर होतं. काउंटीत राहणाऱ्याला काउंटी कॉलेजचा क्रेडिट फी-बी धरून सव्वादोनशेच्या आसपास पडतो, सत्तर क्रेडिट धरा, पावणेसोळा हजार. पुस्तकं, युनिफॉर्म, टीज प्रवेश परीक्षा, लसी आणि टायटर म्हणजे प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी, बीएलएस म्हणजे जीव वाचवायचं प्राथमिक प्रशिक्षण, बॅकग्राउंड चेक, शेवटी एनक्लेक्स म्हणजे लायसन्सच्या परीक्षेचे २००, सगळं मिळून १८ ते २०. हे एकदम नाही, साडेतीन-चार वर्षांत द्यायचेत, वर्षाला पाच-साडेपाच. त्यातल्या ट्यूशनवर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, २० टक्के टॅक्समधून परत, जॉइंट रिटर्नला १ लाख ६० हजार इन्कमपर्यंत पूर्ण मिळतं आणि तुम्ही त्याच्या आत आहात, तर वर्षाला आठ-नऊशे तिथून येतील. म्हणजे अख्खं आरएन तुमच्या दीड वर्षाच्या प्रीमियमपेक्षा स्वस्त आहे. सरेंडरचे साडेअकरा हजार बँकेतल्या २२ मध्ये टाका, घरातला एक पगार गेला तर लागतील.

खाजगीचं गणित पण करू, अन्याय नको. ८८ हजार खाजगी लोन, दहा-अकरा टक्के, दहा वर्षं, हप्ता पडतो बाराशेच्या आसपास. एक बाराशे सोडवले आणि लगेच दुसरे अंगावर. वेळ खरंच दीड-दोन वर्षांचा वाचला असता तर मी विचार केला असता, कारण आरएनचा पगार लहान नाही, २०२४ ला देशभरातला मधला पगार ९३ हजारांच्या वर होता. पण ते २० महिने प्रीरिक्विझिट्स झाल्यावरचे असणार, हे त्यांना फोनवर नीट विचारा. तुमचं बी.कॉम. आहे, अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग आणि मायक्रोबायोलॉजी लॅबसकट कुठेही करावेच लागणार. वर त्यांच्याकडचे क्रेडिट दुसरीकडे ट्रान्सफर होतात का, प्रोग्रॅमला एसेन किंवा सीसीएनई या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, आणि एनक्लेक्स पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास होतात हे विचारा. पास रेट स्टेट बोर्ड ऑफ नर्सिंग जाहीर करतं, त्यांच्या ब्रोशरवर विसंबू नका. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात तीन नर्सिंग स्कूलनी साडेसात हजारांवर खोट्या डिग्र्या विकल्याची केस निघाली, तिथेही लोकांना लवकरच व्हायचं होतं. तुमचं कॉलेज तसं आहे असं मी म्हणत नाहीये, पण "लवकर" या शब्दाचे पैसे लागतात.

तुमच्या अंदाजात एक चूक आहे ती पण सांगतो. "दोन वर्षांत लाखाची नोकरी" असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांचा फक्त नर्सिंगचा भाग आहे, चार सेमिस्टर. त्याआधी वर्षभर सायन्स, तेही घर सांभाळून, मग अ‍ॅडमिशन, ज्यात नुसतं पास होऊन भागत नाही, ए किंवा बी आणि टीजचा चांगला स्कोअर लागतो. बऱ्याच ठिकाणी सायन्सचे क्रेडिट पाच-सात वर्षांनी जुने धरतात, म्हणून सुरू करून मध्येच सोडू नका. मग एनक्लेक्स, मग नवीन ग्रॅज्युएटची नोकरी, जी बहुतेक वेळा नाइट शिफ्टची आणि वीकेंडची असते. नोकरीला लागेपर्यंत तुम्ही ४३ च्या असाल आणि सुरुवात लाखावर धरू नका, ८० धरा. तरी पुढची वीस वर्षं आहेत, गणित छान बसतं, फक्त पहिली चार वर्षं एकाच पगारात काढायचीत हे नवऱ्याबरोबर बसून बोला. क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगला, पहाटे पावणेसातला हजर व्हायचं असतं, त्या दिवशी सहा वर्षांच्या पोराला बसवर कोण सोडणार हे आत्ताच ठरलेलं बरं.

अर्ज एकाच कॉलेजला करू नका. शेजारच्या काउंट्या, हॉस्पिटलशी जोडलेल्या नर्सिंग स्कूल, सगळीकडे बघा, ट्यूशन जास्त पडेल पण ८८ हजार नाही पडणार. दोन वेळा अर्ज करूनही सीट मिळाली नाही तर परत लिहा, तेव्हा गणित वेगळं असेल. काउंटी कॉलेजच्या असोसिएट डिग्रीवरही आरएनचं लायसन्स तेच आणि परीक्षा तीच. मोठी हॉस्पिटलं बीएसएन म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री मागतात, न्यूयॉर्कात तर २०१७ च्या कायद्याने लायसन्सनंतर दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं, पण ते नोकरी करत ऑनलाइन होतं आणि बरीच हॉस्पिटलं वर्षाला ५२५० पर्यंत टॅक्स-फ्री फी देतात. दुसऱ्याच्या पैशाने होणारी गोष्ट आत्ता स्वतःच्या कर्जाने कशाला.

सीएनएचं विचारलंत, तर हो, करा. न्यू जर्सीत ९० तासांचा कोर्स आहे. पगार फार नाही, पैशासाठी सांगत नाहीये. अ‍ॅनाटमीच्या पहिल्या सेमिस्टरबरोबर शनिवार-रविवार नर्सिंग होममध्ये काम करून बघा, म्हाताऱ्या माणसाला उचलून अंघोळ घालणं, डायपर बदलणं, रात्री तीनला कोणाची तरी आरडाओरड ऐकणं जमतंय का. जमलं तर पुढचे अठरा हजार बिनधास्त घाला. नाही जमलं तर अकाउंटिंग आहेच की, बी.कॉम. आहात.