ब्रश स्क्रिप्ट फॉन्ट नेमका कुठे वापरावा?

ब्रशने लिहिल्यासारखा दिसणारा फॉन्ट लोगोपासून मजकुरापर्यंत सगळीकडे चालेल का? नाही. तो दोन-चार शब्दांपुरताच ठेवा: लोगो, पोस्टरचं शीर्षक, निमंत्रणपत्रिकेवरची नावं, पाकिटावरचं लेबल. खालचा मजकूर साध्या, सरळ फॉन्टमध्येच हवा. दोन नखरेल फॉन्ट शेजारी आले की भांडतात.

रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये केलेला 'ब्रश स्क्रिप्ट' याच नावाचा इंग्रजी फॉन्ट बघा. त्यातली स्मॉल अक्षरं एकमेकांना जोडलेली आहेत. म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलंत की जोड तुटतात आणि शब्द विस्कटतो. सगळं कॅपिटलमध्ये तर अजिबात नको, वाचताच येत नाही. (तरी लोक करतातच!)

आकार लहान केला की कोरड्या ब्रशचे बारीक ओरखडे छपाईत भरून जातात. त्यामुळे आधी खऱ्या आकारात एक प्रिंट काढून बघा.

आणखी एक, एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा आलं आणि दोन्ही हुबेहूब दिसली, की हाताने लिहिल्याचा आव उघडा पडतो. चांगल्या फॉन्टमध्ये पर्यायी अक्षरं, म्हणजे त्याच अक्षराची थोडी वेगळी रूपं, असतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या ओपनटाइपच्या (फॉन्टचा एक प्रकार, ज्यात अशी जादा रूपं साठवता येतात) सेटिंगमधून एक बदलून टाका. लोगोसाठी घेताना व्यावसायिक वापराचा परवाना आहे ना, तेही वाचा.